आडत दुकानाच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार अशी, की तुमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगच्या कॉपीत (चाचणी आणि शिकण्यासाठी ठेवलेली वेगळी प्रत) ताजा डेटा भरायला आम्ही दोन दिवस लावले, त्यात शेतकऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर 'कुणाचेही' टाकले, आणि वर या 'कॉपी-पेस्ट'चे वेगळे पैसे लावले.

नावं मुद्दाम बदलली आहेत, शेठ. त्या कॉपीवर आमची नवीन पोरं बसतात, तुमच्याकडं शिकायला आलेले क्लार्क बसतात. त्यांच्यापुढं खरे आधार, पॅन आणि बँक खाती उघडी टाकायची का? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशी माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कायद्याचं एक वेळ जाऊ द्या. टेस्टिंगला केलेल्या पट्टीचा (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबाचा) 'रक्कम जमा' असा एसएमएस खऱ्या शेतकऱ्याला गेला, तर सकाळी सौद्याआधी तो तुमच्या पेढीवर उभा राहील. त्याला समजवायचं कुणी? म्हणून तुमच्या खऱ्या डेटाचा बॅकअप टेस्टच्या मशीनवर उतरवला की आधी एसएमएस, ईमेल आणि बँकेची जोडणी तोडतो, मग नावं-नंबर बदलतो, आणि त्यानंतरच कॉपी वापरायला देतो.

वजन, दर, हमाली, तोलाई, बाकी यांतला एकही आकडा हलवलेला नाही. एका शेतकऱ्याला सगळीकडं एकच बदललेलं नाव मिळतं, त्यामुळं पट्टी आणि खातेउतारा जुळतो. शोधताना खाते क्रमांक टाका, तो तसाच आहे.

आता दोन दिवसांचं. बॅकअपची फाईल दाबलेली असते म्हणून लहान दिसते. रिस्टोअर करताना, म्हणजे ती परत उतरवताना, एसक्यूएल सर्व्हर (डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर) मूळ फायलींएवढी पूर्ण जागा मागतो. तुमची लॉग फाईल (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) डेटापेक्षा मोठी निघाली, कारण रिकव्हरी मॉडेल 'फुल' (लॉगचा बॅकअप होईपर्यंत जुन्या नोंदी राखून ठेवणारं) आणि लॉगचा बॅकअप कुणी घेतच नव्हतं. तो लाईव्ह (रोजच्या कामाचा) सर्व्हर तुमचा हार्डवेअरवाला बघतो, आम्ही नाही. ऐन हळदीच्या सीझनमध्ये लाईव्हला हात लावण्यापेक्षा टेस्टच्या मशीनला डिस्क वाढवणं आम्हाला बरं वाटलं. शिवाय दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेस उतरला की आतले युजर आणि तिथले लॉगिन यांचा मेळ तुटतो. नाव तेच असूनही डेटाबेस उघडत नाही. तेही एकेक जोडावं लागतं.

पैसे या कामाचे आहेत, आणि कोटेशनवर सही झाल्यावरच हात लावला होता. त्यातच तुमचा रात्रीचा बॅकअप खरोखर उतरतो हेही कळलं. नुसती फाईल तयार झाली म्हणून ते कळत नाही. ती फाईल सर्व्हरच्याच खोलीत ठेवू नका, हे ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी शनिवारी कळवा. डिस्क आता पुरेशी आहे, सोमवारी सौदे सुरू व्हायच्या आत कॉपी तयार मिळेल.