मालकाचं उत्तर : "सँडर भाड्यानं घ्यायला गेलो तर अर्धा तास शाळा भरवली"

नमस्कार साहेब. ऐन वास्तुशांतीच्या तोंडावर तुमच्या दाराला खड्डा पडला, याचं आम्हाला खरंच वाईट वाटलं. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, परत करायला आलात तेव्हा काउंटरवर माझा आवाज चढला असेल तर त्याचीही माफी मागतो.

रिव्ह्यूत एक स्टार दिलात, हरकत नाही. (हरकत आहे, पण राहू दे.) मला लागलं ते तुमचं पहिलंच वाक्य, "अर्धा तास शाळा भरवली आणि वर डिपॉझिटातले ३५० कापले." अर्धा तास? काल रात्री दुकान बंद करून मी कॅमेरा बघत बसलो. घरून दोनदा फोन आला जेवायला. तुम्ही आत आलात ६ वाजून २२ मिनिटांनी आणि मशीन घेऊन पायरी उतरलात ६ वाजून ४४ मिनिटांनी. झाली २२ मिनिटं. त्यातली ६ मिनिटं तुम्ही मंडपवाल्याशी फोनवर बोलत होता. ४ मिनिटं आधारची झेरॉक्स काढायला समोर गेलात. ३ मिनिटं लाइट गेली होती, ती काही मी घालवली नाही. राहिली ९. शहापुरात दाढीला बसलं तरी यापेक्षा जास्त वेळ जातो की.

त्या ९ मिनिटांत मी काय सांगितलं ते इथं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांनीच ठरवावं. पिन लावण्याआधी स्विचशेजारचं लॉकचं बटण बघा. ते दाबलेलं राहिलं तर पिन लावताक्षणी मशीन आपलं आपण पळत सुटतं. आमच्याकडं एकदा पळालंय, काउंटरची पुढची काच त्यानंतर नवी बसवली. मशीन दोन्ही हातांनी धरा, लाकडापासून वर उचलून चालू करा, फिरणं पूर्ण वेगाला आलं की मग हळूच टेकवा आणि टेकवलं की थांबू नका. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं पुढं-मागं फिरवत राहा. वरून जोर देऊ नका, मशीनचं वजन पुरतं. बेल्ट, म्हणजे मशीनवरचा घासकागदाचा पट्टा, बदलताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन काढा. जुन्या दारात खिळे असतात ते आधी उपसा. चष्मा, मास्क, कानाला बोळे. एवढंच.

दोऱ्याचं तुम्ही लिहिलंय, "हातातला दोरा काढायला लावला." साहेब, माझ्याही मनगटाला सौंदत्तीहून आणलेला यल्लम्माचा दोरा आहे, मी कुणाला कशाला काढा म्हणेन? तुमच्या दोऱ्याचं टोक चार बोटं लोंबत होतं. मी म्हणालो, गुंडाळून बाहीखाली घ्या, आणि वर लावायला रबर बँड दिला, ड्रॉवरमधला, पिवळा. फिरत्या रोलरमध्ये दोरा गेला तर तो तुटायची वाट बघत नाही, हाताला आत ओढून घेतो. तुम्हाला राग आला तो दिसला मला. पण गिऱ्हाइकाची बोटं शाबूत परत यावीत यात आमचाही स्वार्थ आहेच.

खड्ड्याबद्दल. मी तुम्हाला आधी गोल सँडर दाखवला होता, तो सावकाश खातो, नवख्या हाताला बरा. "उद्या पॉलिशवाला येणार, लवकर होणारं द्या," असं तुम्ही म्हणालात म्हणून बेल्टवाला दिला आणि त्यावर १२० नंबरचा बेल्ट लावून दिला. मशीन परत आलं ते ४० नंबरच्या, म्हणजे बऱ्याच खरखरीत बेल्टसकट, तोही उलटा बसवलेला. बेल्टच्या आतल्या बाजूला बाण असतो, तो रोलर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला लागतो. उलटा लावला की जोड उकलतो, तसाच तो उकलला होता. खालचा काळा पॅड जळून निघाला होता. ३५० रुपये त्या पॅडचे आहेत, बिल दाखवतो. मजुरी लावलेली नाही. ४० नंबरनं एका जागी थांबलं तर सागवानसुद्धा लोण्यासारखं जातं.

आणि हिरवा रंग. दार आजोबांच्या वेळचं, खानापूरकडच्या घराचं, असं तुम्हीच सांगितलंत. तेव्हाच मी म्हणालो होतो की हा रंग मशीननं कोरडा घासू नका. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर शिसं चालत नाही असा नियम लागू झाला, आजोबांच्या डब्याला कसला नियम होता? शिशाची धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. रंग काढायचं रिमूव्हर लावून पत्रीनं खरवडा, राहिलेलं ओल्या वॉटर पेपरनं काढा, मग उघड्या लाकडावर मशीन लावा, हे मी सांगितलं होतं. धुळीची पिशवी परत आली ती उशीसारखी टम्म, आणि आत सगळं हिरवं. तुमच्या घरात पोरंबाळं आहेत की नाही ते मला माहीत नाही, पण ती पिशवी मी आमच्या पोराला झाडू दिली नाही. मास्क लावून मागच्या बोळात, पाणी मारून, स्वतः रिकामी केली.

सूचनांचा कागद कन्नडमध्ये होता म्हणून कळला नाही, असंही लिहिलंय. मागं मराठी आहे साहेब. बेळगावात राहून कागद उलटून बघायची सवय नसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तरी आता दोन वेगळे कागद करायचं बघतो, प्रिंटवाल्याला सांगितलंय. मास्क यापुढं भाड्यातच देणार. बोलणंही आवरतं घ्यायचा प्रयत्न करू, कितपत जमेल बघू.

छोटं दुकान आहे आमचं. लोक आधी स्टार बघतात, मग फोन करतात, आणि गेल्या दोन दिवसांत भाड्यासाठी एकच फोन आलाय. रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही. निदान अर्ध्या तासाचं तेवढं दुरुस्त करा.

खड्डा भरायचा असेल तर सागाचा भुसा आणि फेविकॉल कालवून दाबा, वाळल्यावर हातानं १८० चा पेपर मारा, पॉलिशखाली बऱ्यापैकी लपेल. जमलं नाही तर दार घेऊन या, मी करून देतो, पैसे नकोत. तुमचा मोजायचा टेप इथंच राहिलाय, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं.