बिनपैशाच्या झॉम्बींसाठी चार सूचना

इंग्लंडात राहून भयविनोदी लघुपट काढायची हुक्की आली असेल आणि खिशात दमडी नसेल, तर अभिनंदन. इथे पैसे नसणं ही अडचण नाही, पात्रता आहे. गेल्या जूनमध्ये आमच्या रेडिंगच्या भाड्याच्या घरात असा एक लघुपट घडला. त्या अनुभवातून या सूचना देते आहे, तुम्हाला उपयोग होईल.

आधी एखादं मराठी जोडपं हेरा. आपल्या लोकांना तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा भाऊ, एवढी ओळख रग्गड झाली. ‘फक्त किचन हवंय, दोन तास’ असं म्हणायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी यायचं, ते रविवारी पहाटे उठायचं.

पटकथेचा फार विचार करू नका. झॉम्बी, म्हणजे चालते-फिरते मुडदे, दुकानासमोर शिस्तीत रांग लावतात, हा विनोद. पाच मिनिटांनी ते पुन्हा रांग लावतात. कुणी हसलं नाही तर सांगायचं की हा भयपट आहे. कुणी घाबरलं नाही तर अहो, विनोदी आहे ना!

कुणी शंका काढलीच तर ‘शॉन ऑफ द डेड’ तोंडावर फेका. तोही कमी खर्चातलाच! २००४ सालचा तो सिनेमा साधारण ४० लाख पौंडांत झाला आणि त्याआधी दिग्दर्शक एडगर राइट आणि नट सायमन पेग, निक फ्रॉस्ट या मंडळींचा ‘स्पेस्ड’ या टीव्ही मालिकेत हात बसला होता, हे बोलायची गरज नाही. त्यात शॉन सकाळी पेंगुळलेल्या डोळ्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. हे चालणं दोनदा येतं, दोन्ही वेळा सलग एका शॉटमध्ये. दुसऱ्या खेपेला रस्ताभर मुडदे फिरताहेत आणि या गड्याला पत्ताच नाही. पहिल्या फेरीतली प्रत्येक बारीक गोष्ट दुसऱ्या फेरीत बिघडलेली दिसते, म्हणून हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो. एवढं मोजूनमापून करायला डोकं लागतं. तुम्ही उत्साहावर भागवा.

रात्रीचे प्रसंग जूनमध्येच घ्या. डिसेंबरात चार वाजता फुकटचा अंधार पडतो, पण थंडी वाजते ना! जूनमध्ये सूर्य मावळायलाच साडेनऊ होतात आणि पहाटे चारला पुन्हा फटफटतं. तोवर सगळ्यांनी घरच्या बाईच्या सोफ्यावर बसून अंधाराची वाट बघायची. चहा ती करतेच.

किंकाळ्या रात्री दोनलाच मारा.

नटांना पैसे देऊ नका, ‘अनुभव’ द्या. या देशात किमान वेतनाचा कायदा १९९९ पासून लागू आहे, पण झॉम्बी मेलेला असल्यामुळे त्याला तो लागू होत नसावा. युनिव्हर्सिटीची आठ पोरं चौदा तास तोंडाला राखाडी रंग फासून माझ्या अंगणात उभी होती आणि त्यांना जेवायला काय, तर बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं. मग दिग्दर्शक लाडात येऊन मला म्हणाला, ‘तुझी करी एकदम भारी असते म्हणे!’ मी बावीस माणसांना पुरेल एवढा राजमा-भात टाकला. माझंच चुकलं.

आता रक्त. अमेरिकेत कॉर्न सिरप वापरतात, आपण गोल्डन सिरप, म्हणजे इथला साखरेचा सोनेरी पाक घ्यायचा. त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्याचा एक थेंब, की झालं. त्या हिरव्या-सोनेरी डब्यावरचा सिंह नीट बघा. तो झोपलेला नाही, मेलेला आहे, आणि भोवती मधमाश्या घोंघावताहेत. त्या तीन दिवसांत माझ्या घरात दिसलेलं खरं भयदृश्य ते एवढंच. किचनला फरशी होती, रक्त तिथेच सांडायचं ठरलं होतं. पण हात तुटलेल्या नटाला ऐन वेळी सुचलं की आपण जिन्यावरून पळावं. जिन्याला गालिचा. इथल्या घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवलेला असतो तो. आमचा फिकट बिस्किटी. पाचव्या पायरीवर तो पडला, वाटीभर पाक सांडला, आणि दिग्दर्शक ओरडला, ‘सुंदर! पुन्हा एकदा!’ पुन्हा एकदा!! सोमवारी मी गुडघ्यावर बसून गरम पाणी आणि स्पंज घेऊन घासत होते. पाक निघाला, रंग निघेना. घासावं तसा डाग गुलाबी होऊन पसरत गेला आणि कडेने मुंग्या लागल्या. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी आहे, घर सोडताना त्यातून हे कापलं जाणार. फोटो पाठवला तर दिग्दर्शकाचं उत्तर आलं, की कॅमेऱ्यात तो डाग फार छान आलाय. वर हसरं तोंड.

पुरे झाल्या सूचना. आता दिग्दर्शकमहाशय, तुमच्याशीच बोलते. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर ब्रे नावाचं गाव आहे. तिथे नदीकाठच्या एका जुन्या घरात हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने वर्षानुवर्षं भयपट काढले. ‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’साठी उभारलेल्या गावात लगोलग ‘द रेप्टाइल’ही उरकला, दोन्ही १९६६ साली पडद्यावर आले. काटकसर म्हणतात ती याला. त्यांनी सेट पुन्हा वापरला, तुम्ही माणसं वापरलीत. तुमचा सिनेमा स्वस्तात झालेला नाही, त्या पोरांनी चौदा तास भरले आणि मी जिना भरला. रंगारी अंथरतात ती प्लास्टिकची चादर केवढ्याला येते? त्या रक्तात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर टाकलं असतंत तर डाग धुऊन तरी निघाला असता. साधी लाज म्हणून एकाला तरी बसचं भाडं द्यायचंत! शेजारच्या आजींनी दुसऱ्या दिवशी दारातून चिठ्ठी सरकवली होती, ‘घरी सगळे ठीक आहेत ना?’ त्यांच्यासमोर जाऊन माफी मी मागितली, तुम्ही नाही.

लघुपट अकरा मिनिटांचा झालाय. श्रेयनामावलीत शेवटी ‘करी’ असं लिहून पुढे माझं नाव आहे, तेही चुकीचं. आणि काल निरोप आला की दुसरा भाग काढायचाय, या वेळी बाथरूम हवंय.

बाथरूम मिळणार नाही. आधी पाचवी पायरी पुसायला या, आणि येताना स्पंज तुमचा आणा.