कुंडीतली माशी मुळं खात नाही

"कुंडीच्या मातीत मधमाशी शिरताना दिसली तर वेळीच सावध व्हा. ती आत पोळं बांधते, मुळं कुरतडते, पानं खाते. काही दिवसांत शेकडो माश्या होतात आणि लहान मुलांवर तुटून पडतात. लगेच उकळतं पाणी किंवा रॉकेल ओता." हा मजकूर, सोबत मातीतल्या भोकाचा एक फोटो, बागकामाच्या गटांमधून सारखा फिरतो आहे. माझ्याकडे तो तीनदा आला. ओळखीतल्या एका बाईंनी तो वाचून गुलाबाच्या कुंडीत खरोखरच उकळतं पाणी ओतलं. माशी मेली, आणि आठवड्याभरात गुलाबही गेला. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"आत पोळं बांधते." नाही. मधाचं पोळं मेणाचं असतं. ते फांदीला लटकतं, नाहीतर झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत असतं. भरल्या कुंडीच्या मातीत ते होत नाही. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती माहीत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक एकांड्या आहेत. त्यांच्यात राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एकच मादी बीळ करते, त्यात पराग आणि मकरंद आणून ठेवते, त्यावर अंडं घालते आणि तोंड बंद करते. फिरणारा फोटोच नीट बघा. भोकाभोवती भुसभुशीत मातीचा छोटा ढीग आहे. एकांडी मादी बीळ उकरते तेव्हा माती अशीच बाहेर पडते.

मागे जास्वंदीची कुंडी बदलताना मातीचा गड्डा बाहेर काढला, तर कडेला हिरवट-तपकिरी पानाची विडी असावी तसं काहीतरी चिकटलेलं दिसलं. एकापुढे एक बसवलेल्या चार कुप्या. प्रत्येक कुपी पानाच्या तुकड्यांची, एकावर एक थर देऊन वळलेली. तोंडाला मात्र अगदी गोल चकत्या, जणू मापाने कापलेल्या. एक कुपी चुकून उकलली गेली. आत पिवळा, ओलसर परागाचा गोळा आणि त्यावर पांढरी अळी. हे घर पानं कापणाऱ्या माशीचं. ती लांबट तुकड्यांनी भिंती करते आणि गोल तुकड्यांनी झाकण लावते. या रांगेतही हिशोब असतो. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर, आणि कोणतं घालायचं ते आईच्या हातात असतं. ती साधारणपणे माद्यांची अंडी आत आणि नरांची तोंडाकडे घालते, कारण नर आधी बाहेर पडतात. इतकं सगळं ती एकटी करते, आणि बहुधा पिल्लं बाहेर पडायच्या आत मरून जाते.

"मुळं कुरतडते." ही या मजकुरातली सगळ्यात नुकसान करणारी चूक. मधमाशीचं अन्न पराग आणि मकरंद. अळीसुद्धा आईने ठेवलेला तो गोळाच खाते. मुळाला तोंड लावत नाही. मुळं खाणारी हुमणी वेगळी. ती भुंगेऱ्याची जाड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी असते. मातीत ती सापडली तर जरूर वेचून काढा.

मग माशी दिसली आणि झाड सुकलं, हे लोकांना खरंच दिसतं त्याचं काय? या माश्यांना कोरडी, मोकळी माती लागते. पाणी कमी पडलं की माती आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि माशीला आयती वाट मिळते. म्हणजे झाड आधीच तहानलेलं असतं. माशी नंतर येते आणि आळ तिच्यावर येतो. अशी कुंडी दिसली की आधी मातीत बोट घालून ओल बघा.

"पानं खाते." यात थोडं तथ्य आहे, पण खाण्याचं नाही. पानं कापणारी माशी गुलाबासारख्या मऊ पानांच्या कडेला अर्धगोल काप घेते. काप इतका स्वच्छ असतो की कात्रीने घेतल्यासारखा वाटतो. सुरवंटाने खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं आणि खाली काळी विष्ठा पडलेली असते. चार-दोन पानांना भोकं पडली तर झाडाला काही होत नाही. शोभेच्या गुलाबावर ती खुपतात हे मला मान्य आहे. पण त्यासाठी औषध फवारून उपयोगही नाही, कारण ती पान गिळतच नाही.

"शेकडो होतात, हल्ला करतात." एकाच कुंडीत दोन-तीन माद्यांनी शेजारी शेजारी बिळं केली, असं होऊ शकतं. तरी त्या एकत्र येऊन राखण करत नाहीत. मोहोळातल्या माश्या त्वेषाने येतात, कारण त्यांना साठा आणि हजारोंची वसाहत वाचवायची असते. एकांडी मादी मेली की तिचं काम तिथेच संपतं, म्हणून ती बिळासाठी लढत नाही. डंख फक्त माद्यांना असतो. पकडली, चिरडली, कपड्यात अडकली तर ती डंख मारू शकते. मुलांना एवढंच सांगा की भोकात काडी घालायची नाही.

मात्र दहा मिनिटं लांब बसून मोजा. एकच माशी ये-जा करत असेल तर तिला तिचं काम करू द्या. एकाच भोकातून सतत, एकामागून एक माश्या निघत असतील तर ती गांधीलमाशांची किंवा दुसऱ्या समूहाने राहणाऱ्या जातीची वसाहत असू शकते. तिला हात लावू नका, जाणकाराला बोलवा. आणि कुठल्याही डंखानंतर श्वास कोंडला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, तर थेट दवाखाना गाठा. ती ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

ओल्या मातीवर बसून सोंड टेकवणाऱ्या माश्या मात्र वेगळ्या. त्या मोहोळातल्या, फक्त पाण्याला आलेल्या. मोहोळ थंड ठेवायला त्यांना पाणी लागतं आणि क्षार असलेलं ओलं त्यांना आवडतं. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवलंत तर हळूहळू तिकडे वळतील.

आता उपायाबद्दल, कारण राग खरा याचा आहे. उकळतं पाणी मुळं शिजवतं. रॉकेल माती नासवतं आणि घरात आगीची भीती वाढवतं. काही जण त्या मजकुराखाली इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मातीत घालायला सुचवतात. ते मुळांतून वर चढतं आणि फुलांच्या परागात, मकरंदात उतरतं. म्हणजे बिळातल्या माशीबरोबर त्या फुलांवर येणारी प्रत्येक माशी ते घेऊन जाते. याच कारणाने युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या परागकोशात कोंडलेला असतो. पोटावर निळे पट्टे असलेली, मातीतच बीळ करणारी एक माशी फूल घट्ट धरून गुणगुणते आणि त्या थरथरीने पराग झडतो. मोहोळातल्या मधमाशीला हे जमत नाही. कुंडीत टोमॅटो लावून तिच्याच बिळात विष ओतणं मला बघवत नाही.

कुंडीत माशी नकोच असेल तर बीळ व्हायच्या आधी माती नीट भिजवत राहा आणि वर खड्यांचा किंवा पाचोळ्याचा थर द्या. ती दुसरीकडे जाईल. बीळ झालं असेल तर काही आठवडे ती कुंडी हलवू नका, पाणी झाडाच्या बुंध्याशी हळू घाला. कुंडी बदलताना पानाच्या कुप्या सापडल्या तर त्यांची रांग न मोडता, होती त्याच दिशेने, कोरड्या मातीच्या दुसऱ्या कुंडीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी पुरून ठेवा. जास्वंदीतल्या उरलेल्या तीन मी तशाच ठेवल्या होत्या. एके सकाळी त्या मातीत पेन्सिलीएवढं भोक दिसलं.