ग्राफिक्स कार्डाचा कूलर बदला म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या महिन्याभरात हा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, वर दोघांनी पर्सनलवर पाठवून "दादा, हे करू काय?" असं विचारलंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच चिकटवेन.

मेसेज थोडक्यात असा (ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्रं काढणारं कार्ड, आणि कूलर म्हणजे त्याला थंड ठेवणारे पंखे आणि हीटसिंक): ग्राफिक्स कार्ड बोंबलतंय? कंपन्या मुद्दाम हलके कूलर लावतात. तो काढा आणि बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, मोठा कूलर बसवा. आवाज शून्य होतो, टेंपरेचर ३० डिग्री खाली येतं, चार स्क्रूचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुठल्याही कार्डाला बसतो. एफपीएस (गेममधे सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात, खोलीही गार राहते. कोकणातल्या दमट हवेत तर बिनपंख्याचा घ्या, गंजायला काही उरतच नाही. वॉरंटीचं टेन्शन नको, लागलंच तर जुना कूलर परत लावायचा.

आधी हे सांगतो की मी कूलर बदलण्याच्या विरोधात नाही, माझ्याच कार्डावर बाहेरचा कूलर आहे. मी मालवणात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सीझनला रात्र रात्र रेंडर (एडिट केलेल्याचा शेवटचा व्हिडिओ बनवणं) चालू असतो आणि पूर्वी माझ्याकडे सेकंडहँड घेतलेलं ब्लोअरवालं कार्ड होतं, म्हणजे एकच छोटा गोल पंखा आणि मागून गरम हवा बाहेर. ते फुल लोडला गेलं की माजघरातून आईचा आवाज यायचा, "रे झिला, ह्यां इमान उतारतला कधी?" चिपीचं विमानतळ २०२१ मधे सुरू झालं, आमच्या पडवीत त्याच्या आधीपासून टेकऑफ चालू होता. त्यामुळे त्रास काय असतो हे मला कुणी शिकवायला नको.

आता "आवाज शून्य". मोठा कूलर शांत का असतो तर त्यात काही जादू नाही, मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा ढकलतो एवढंच. १२० एमएमचा पंखा ९२ च्या पंख्यापेक्षा साधारण पावणेदोनपट जागा झाडतो. आणि पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो, १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे फरक भरपूर पडतो हे खरंच आहे. पण हा फरक वेगामुळे पडतो, आणि वेग कमी करायला दरवेळी नवा कूलरच लागतो असं नाही. कार्ड तापतंच कमी तर पंखा आपोआप सावकाश फिरेल. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात व्होल्टेजचा कर्व्ह (कुठल्या वेगाला किती व्होल्टेज, त्याची रेघ) थोडा खाली ओढा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे १.०५ चं ०.९ व्होल्ट केलं आणि क्लॉक (चिपचा वेग) तोच ठेवला तर चिपच्या त्या खर्चात जवळपास पाव भाग वाचतो. सगळ्याच चिप एवढ्या खाली जात नाहीत, काही मधेच हँग होतात, मग थोडं वर यायचं. एक संध्याकाळ जाते, पैसे शून्य. मेसेजमधलं शून्य इथे जास्त शोभलं असतं.

शिवाय सगळा आवाज पंख्याचा असतोच असं कुठाय? लोडला कार्डातून बारीक किर्रर्र येत असेल, रातकिड्यासारखी, तर ती कॉइलची किरकिर, कार्डावरच्या कॉइल करंटमुळे थरथरतात त्याची. कूलर बदलून ती जात नाही, उलट पंखे गप्प झाल्यावर जास्त ऐकू येते. एकाने सात-आठ हजार घालून हे केलं आणि मग मला विचारतो की नवीन कूलर किरकिरतो कशाला. आणि घर्र घर्र करत, सुरू होताना जास्त आणि मग कमी होत जाणारा आवाज असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलंय. तिथे पूर्ण कूलर नको, तेवढाच पंखा बदला, स्क्रूच्या होलमधलं अंतर आणि पात्यांचा व्यास मोजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला तर काही शे रुपयांत काम होतं.

३० डिग्रीवाली गोष्ट खोटी नाही पण शिळी आहे. ऑक्टोबर २०१३ मधे एएमडी कंपनीचं आर९ २९०एक्स कार्ड आलं, त्याचा मूळ ब्लोअर कूलर कर्कश म्हणून गाजला होता आणि चिप ९५ डिग्रीवर चालवायची हे कंपनीनेच ठरवलेलं. त्याच्यावर आर्क्टिकचा तीन पंख्यांचा अ‍ॅक्सेलेरो किंवा रायजिनटेकचा मॉर्फिअस बसवला की २५-३० डिग्री खरंच उतरायच्या. मॉर्फिअसच्या दुसऱ्या आवृत्तीत १२ हीटपाईप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आहेत आणि १२० चे दोन पंखे आपण वेगळे घेऊन लावायचे, असला तो धोंडा. पण तेव्हापासून कंपन्या पण शिकल्या ना, आता मधल्या रेंजच्या कार्डावर पण दोन-तीन पंखे आणि अडीच स्लॉट (मदरबोर्डवरच्या कार्डांच्या खाचा) जाड हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, येतं, साध्या वापरात तर पंखे फिरतच नाहीत. अशा कार्डावर बाहेरचा कूलर लावून पाच-सात डिग्री मिळाल्या तरी खूप. "कंपन्या मुद्दाम हलके कूलर लावतात" हे सगळ्यात स्वस्त मॉडेलबद्दल मी मान्य करीन, सरसकट नाही.

अजून एक, परदेशातले टेस्टिंगवाले २१-२२ डिग्रीच्या खोलीत बसून मोजतात. कूलर कुठलाही असला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही, त्यांच्याकडे जिथे ६० येतात तिथे मे महिन्यात आमच्या ३३ डिग्रीच्या कौलारू खोलीत सत्तरीच येणार. म्हणून आकडे बघताना चिप वजा खोली असं बघा.

आता चार स्क्रू आणि अर्धा तास. हे ज्याने लिहिलं त्याने कार्ड कधी उघडलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं म्हणजे कुठल्याही कार्डाला बसत नाही. चिपभोवतीच्या होलचं अंतर चिपगणिक बदलतं, एखादा कपॅसिटर उंच असला तरी कूलरचा पाया अडतो. शिवाय कार्ड म्हणजे नुसती मधली चिप नाही, तिच्याभोवती मेमरीच्या चिप असतात आणि बाजूला व्हीआरएम, जो एसएमपीएसचे (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) १२ व्होल्ट चिपला लागणाऱ्या एक व्होल्टच्या आसपास आणतो आणि तापतो. मूळ कूलर पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) लावून या सगळ्यांना एकत्र थंड करत असतो. तो काढला की मधली चिप ६० डिग्री दाखवते, तुम्ही खूश, आणि व्हीआरएम बिचारा बाजूला भाजत असतो, त्याचं टेंपरेचर बऱ्याच कार्डांत दिसत पण नाही. आरटीएक्स ३०९० कार्ड घ्या, त्याच्या २४ जीबी मेमरीतल्या निम्म्या चिप कार्डाच्या पाठीवर आहेत आणि ती मेमरी ११० डिग्रीला स्वतःचा वेग तोडते. पुढून केवढाही कूलर लावा, पाठ कोण बघणार?

म्हणून मग बारीक बारीक हीटसिंक वेगळे चिकटवतात. मी पण चिकटवले होते, दुहेरी चिकट थर्मल टेपने. टॉवर कॅबिनेटमधे कार्ड पालथं असतं, म्हणजे हे हीटसिंक खाली लोंबकळत असतात. मे महिन्यात एका रात्री देवगडच्या लग्नाचा रेंडर चालू असताना आतून "टक्" असा आवाज आला, मला वाटलं पाल पडली (आमच्याकडे कॅबिनेटमधे पाल आणि मुंग्या दोन्हींचा इतिहास आहे). उघडून बघतो तर व्हीआरएमवरचा हीटसिंक सुटून खाली एसएमपीएसच्या पत्र्यावर पडलेला. कार्डाच्या पिनांवर पडला असता तर शॉर्ट होऊन वरात निघाली असती. त्यानंतर मी टेपच्या आधी चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसतो आणि लावल्यावर एक दिवस कार्ड उताणं ठेवतो.

स्क्रू आवळताना पण मजा आहे. ग्राफिक्स चिपवर सीपीयूसारखं (कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर) तांब्याचं झाकण नसतं, उघडी काच असल्यासारखी असते, एका बाजूने पूर्ण आवळलं की कोपरा उडतो आणि कार्ड संपलं. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, चारचाकीचं चाक बसवताना नट आवळतात तसे. मग पंख्याची वायर, कार्डावरचा सॉकेट नेहमीच्या फॅनपेक्षा बारीक असतो, अडॅप्टर वेगळा लागतो. तो नाही मिळाला म्हणून लोक पंखे मदरबोर्डला लावतात, मग ते सीपीयूचं टेंपरेचर बघून फिरतात आणि कार्ड तापत असताना सीपीयू निवांत असला तर पंखेही निवांत. फॅनकंट्रोल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने हे सुटतं, पण अर्ध्या तासात हे सगळं? मला अख्खा रविवार लागला, दुपारची झोप धरून नाही.

आणि ज्यांचं कार्ड ब्लोअर आहे त्यांनी हे नीट वाचा. ब्लोअर ओरडतो पण गरम हवा कॅबिनेटच्या बाहेर टाकतो. बाहेरचा कूलर ती सगळी आतच सोडतो. माझं कार्ड गप्प झालं आणि दुसऱ्या दिवसापासून एसएमपीएसचा पंखा बोलायला लागला, सीपीयू पण वर गेला. शेवटी पुढून दोन आणि मागून एक असे कॅबिनेटचे पंखे वाढवले तेव्हा घरात शांतता झाली, तो खर्च मेसेजमधे कुणी धरत नाही.

एफपीएसचं लवकर उरकतो. थंड चिप थोडा जास्त क्लॉक धरते, फरक बहुतेक वेळा एक-दोन टक्के. कार्ड आधी तापून वेग तोडत असेल तरच जास्त, आणि तसं असेल तर आधी धूळ काढा आणि चिप आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट बदला, आमच्याकडच्या चिऱ्याच्या तांबड्या धुळीने हीटसिंकच्या पात्यांमधे अक्षरशः थर बसतो. खोली गार राहते हे तर काहीच्या काही आहे. आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० वॉटची मर्यादा आहे, ती सगळी उष्णताच होते, कूलर कुठलाही लावा १७० वॉट खोलीतच येणार, दोन सीलिंग फॅन चालवायला लागते त्याहून जास्त वीज आहे ही. खोली गार हवी तर वॉट कमी करा.

आता आपल्या कोकणाचं. दमट हवेत कूलर कमी काम करतो असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण आपल्याला उकडतं. आपल्याला उकडतं कारण घाम सुकत नाही, हीटसिंकला घाम येत नाही, त्याला दमटपणाने जवळपास काही फरक पडत नाही. खरा शत्रू मीठ आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना, ते दिवसाचे खारे वारे मिठाचे बारीक कण घेऊन येतात आणि ते पत्र्यावर, ग्रीलवर, कार्डावर बसतात. हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो तो हाच प्रकार. त्यात तांब्याचा हीटपाईप आणि अ‍ॅल्युमिनियमची पाती (हीटसिंकचे पातळ पत्रे) एकमेकांना चिकटलेली, मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की. पाती पांढरी भुकटी टाकायला लागतात. यात पंख्याचा दोष कुठे आला? बिनपंख्याच्या कूलरला तर पाती जास्त, म्हणजे गंजायला जागा पण जास्त. निकेल चढवलेला कूलर घेतलात तर बरा टिकतो.

बरं, चालू कार्ड गरम असतं त्यामुळे कोरडं राहतं, धोका बंद असताना जास्त. जुलैमधे मशीन महिनाभर बंद ठेवून गावाला जाणाऱ्यांची कार्डं खराब होतात, रोज तास-दीड तास चालवणाऱ्यांची कमी, हे माझं इथलं निरीक्षण आहे. आणि बिनपंख्याचा म्हणजे हवा लागतच नाही असं नसतं, कॅबिनेटमधून वारं वाहिलं तरच तो चालतो. कंपन्या स्वतः बिनपंख्याची कार्डं काढतात, पॅलिटची कॅलमएक्स बघा, पण ती जीटीएक्स १६५० सारख्या ७५ वॉटच्या चिपवर. १७०-२०० वॉटच्या कार्डावर, मे महिन्यात, बंद खोलीत हा प्रयोग करायचा असेल तर तुमच्या जबाबदारीवर.

वॉरंटीचं काय, तर स्क्रूवर स्टिकर असतो तो फाटला की बरेच सर्व्हिस सेंटरवाले तिथेच हात वर करतात. आणि जुना कूलर परत लावायचा म्हणता, पण अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम ३ बरोबर हीटसिंक चिकटवायला थर्मल ग्लू यायचा, तो वाळला की निघत नाही, ओढलात तर मेमरी चिपसकट येईल. ४ नंबरमधे त्यांनी म्हणूनच की काय, ग्लू सोडून पाठीमागून मोठं हीटसिंक दिलं. मूळ पॅड पण काढताना फाटतात आणि नवे घेताना जाडी अर्धा एमएम चुकली तरी चिप नीट टेकत नाही.

एवढं सगळं करूनही आवाज जात नसेल तर मधला एक रस्ता आहे जो मेसेजमधे नाहीच. मूळ हीटसिंक तसंच ठेवायचं, फक्त वरचं प्लास्टिक आणि छोटे पंखे काढायचे आणि १२० चे दोन चांगले पंखे केबल टायने बांधायचे. चिप, मेमरी, व्हीआरएम सगळ्यांचे पॅड जागच्या जागी, पेस्टला हात नाही, बऱ्याच कार्डांत चिपचे स्क्रू पण उघडावे लागत नाहीत. दिसायला जुगाड आहे, माझ्या भावाच्या मशीनला दोन वर्षं तोच चालू आहे.

तरीही पूर्ण कूलरच हवा असेल तर कार्ड काढून होलचं अंतर, कार्डाची लांबी आणि खालच्या बाजूला किती स्लॉट रिकामे आहेत हे पट्टीने मोजून मला फोटो पाठवा, मग मुंबईला ऑर्डर सांगू. न मोजता मागवून नाही बसला तर ट्रॅव्हल्सवाला पार्सल परत न्यायचे वेगळे पैसे घेतो आणि दुकानदार उघडलेला डबा घेत नाही.