तळाचे १० टक्के काढले की टीम सुधारते?

अप्रेझलचे दिवस आले की लिंक्डइनवर आणि व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास फिरतो: "जॅक वेल्चने दरवर्षी तळाचे १० टक्के लोक काढले, म्हणून जीई एवढी मोठी झाली. तुम्हीही काढा. चांगले लोकच उरतात, धाकाने वागणूक सुधारते. नाहीतर मॅनेजर कुणाला काही बोलतच नाहीत." या सल्ल्यापायी नीट काम करणाऱ्यांच्याही नोकऱ्या जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"म्हणून जीई मोठी झाली." वेल्च १९८१ ते २००१ जीईचे, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख होते. त्या काळात कंपनीने शेकडो कंपन्या विकत घेतल्या आणि नफ्याचा मोठा वाटा जीई कॅपिटल या वित्तशाखेतून आला. २००८ च्या संकटात हीच शाखा अडचणीत आली आणि जीईला वॉरन बफे यांच्याकडून ३ अब्ज डॉलर घ्यावे लागले. हे सगळं गाळून श्रेय एकट्या कर्मचारी-कपातीला कसं देणार?

"चांगले लोकच उरतात." बेल कर्व्ह, म्हणजे थोडे उत्तम, बरेचसे मध्यम आणि थोडे कच्चे अशी वाटणी, हजारो जणांच्या गटात कदाचित दिसेल, मुलाखती घेऊन निवडलेल्या आठ जणांत तो बळजबरीनेच बसवावा लागतो. आठही जण उत्तम असले तरी एकाला खालचं रेटिंग मिळणारच. दर्जातज्ज्ञ डेमिंग यावर लाल मण्यांचा प्रयोग करून दाखवत. पेटीत पांढरे आणि लाल मणी, दर पाचांत एक लाल. प्रत्येक 'कामगारा'ने ५० खाचांची फळी पेटीत बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे सदोष माल. कमी लाल आले की शाबासकी, जास्त आले की कानउघाडणी, आणि शेवटी 'वाईट' कामगारांना घरी पाठवायचं. उरलेल्या 'उत्तम' कामगारांच्या फळीवरही लाल मणी येतच राहत, कारण ते पेटीतच होते. क्लायंटने रोज बदललेली रिक्वायरमेंट किंवा बंद पडणारा सर्व्हर ज्याच्या वाट्याला येतो, त्याचं रेटिंग असंच घसरतं.

"धाकाने वागणूक सुधारते." शेजारचा सहकारी वर गेला तर मी खाली जाणार, मग नव्या मुलाला शिकवेल कोण? मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी कर्व्हमध्ये बसवण्याची पद्धत बंद केली, तेव्हा टीमवर्कवर भर द्यायचा आहे असंच सांगितलं. शिवाय ज्युनिअरवर मीटिंगमध्ये खेकसणाऱ्याचे आकडे बरेचदा झकास असतात. तो यादीत वरच राहतो.

"मॅनेजर बोलतच नाहीत." हे खरं आहे, आणि त्याचा त्रास टीममधल्या बाकीच्यांना होतो. पण "कर्व्हमध्ये बसवावं लागलं" ही आयती सबब मिळाल्यावर ते आणखीच गप्प बसतात. चूक झाली त्याच आठवड्यात, एकट्याला बसवून बोला. कोणतं काम किती उशिरा आलं, कोण खोळंबलं, ते नेमकं सांगा. अडचण कामात आहे, साधनांत आहे की घरी, ते विचारा. वागणुकीची तक्रार कामाच्या आकड्यांत मिसळू नका. पीआयपी (ठरावीक मुदतीत काम सुधारण्याची योजना) लावायचाच झाला, तर काय सुधारायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून द्या. मॅनेजरने कबूल केलेली मदत दिली की नाही, तेही त्याच कागदावर नोंदवा.