तुझा कोड कोण वाचणार?

आज दुपारी मी इंटरव्ह्यूमध्ये एका मुलाला नकार दिला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

तीन वर्षांचा अनुभव. रेझ्युमेवर सगळ्यांना माहीत असलेल्या मोठ्या कंपनीचं नाव. मुलगा हुशार आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मी साधा प्रश्न दिला: ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरचं एक टेबल, ज्यांनी एकही ऑर्डर दिलेली नाही अशा ग्राहकांची नावं काढ. लेफ्ट जॉइन लावायचा, म्हणजे सगळे ग्राहक ठेवून त्यांना त्यांच्या ऑर्डर जोडायच्या, आणि ऑर्डरच्या बाजूला नल, म्हणजे रिकामं, कुठे येतंय ते बघायचं, एवढंच. तो लिहायला लागला, अडला, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी मीच म्हणाले, राहू दे, तू रोज काय काम करतोस ते सांग.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षं तो सपोर्टमध्ये तिकिटं, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, बंद करतोय. अलर्ट आला की कंपनीच्या स्वतःच्या टूलमध्ये लॉगिन करायचं, रनबुक, म्हणजे काय काय करायचं त्याची लिहून ठेवलेली यादी, उघडायचं, त्यातल्या सात पायऱ्या ओळीने करायच्या, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, तिकीट बंद. सर्व्हिस कशामुळे पडली, हे शोधायचं काम त्याचं नाही. कोड दुसऱ्या टीमकडे. लॉग बघायला परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेपर्यंत तिकिटाची मुदत संपलेली असते. त्याने एकदा सातही पायऱ्या आपोआप करणारी स्क्रिप्ट करू का असं विचारलं होतं. "ते आपल्या स्कोपमध्ये नाही," असं उत्तर मिळालं.

शेवटी मी नेहमीसारखं विचारलं, तुला काही विचारायचंय का? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला माझ्याकडे दोन ऑफर होत्या. मी जास्त पगाराची घेतली. चुकलो का मी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या वयाची असताना मीही तेच केलं होतं.

माझ्यासमोरही दोन पत्रं होती. एक मोठ्या कंपनीचं, पगार दुसरीच्या दीडपट. दुसरी कंपनी पंधरा-सोळा माणसांची, हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारी, नाव सांगितलं तरी कुणाला कळू नये अशी. त्या छोट्या कंपनीतल्या टीम लीड बाईंनी मला स्वतः फोन केला होता. एचआरने नाही, त्यांनी. म्हणाल्या, "तू आलीस तर पहिले सहा महिने तू लिहिलेली प्रत्येक ओळ मी वाचेन. तुला त्रास होईल, आधीच सांगते. पण ये." मी म्हणाले, विचार करून कळवते. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल टाकला आणि नाही म्हटलं. फोन करायचं धैर्य झालं नाही.

त्या वाक्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. कळणार कशी? ऑफर लेटरमध्ये त्याचा रकानाच नसतो. बेसिक असतं, व्हेरिएबल असतं, जॉइनिंग बोनस असतो, तो वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागेल असं बारीक अक्षरात असतं. "तुझा कोड कोण वाचणार" हे कुठेच नसतं.

आणि आपण सगळे विचारतो काय? पॅकेज किती? मुलगा ऑफर लेटर घेऊन येतो, घरचे, नातेवाईक, मित्र, ग्रुपवरचे अनोळखी लोकसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि आकडा मोठा असेल तर दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. बावीस वर्षांच्या पोराने त्या आकड्यापलीकडे बघावं तरी कसं? मला राग त्या मुलाचा नाही. मला राग आपला येतोय. या क्षेत्रात दहा-पंधरा वर्षं घालवलेल्या माणसांचा. आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण "अभिनंदन, घेऊन टाक" असं लिहून पुढे सरकतो.

त्या दीडपट पगाराच्या नोकरीत मी अडीच वर्षं होते. तिथे एक इनहाउस टूल होतं. माउसने फॉर्म ओढून बसवायचे, डबे एकमेकांना बाणांनी जोडायचे, मागचा कोड टूल आपोआप तयार करायचं. तो कोड उघडून बघायला बंदी होती. दुसऱ्या वर्षी त्या टूलची मी तज्ज्ञ झाले. नवीन लोकांना ट्रेनिंग द्यायचे. सर्टिफिकेट मिळालं, बोनस मिळाला, घरी सगळे खूश. मग एकदा बाहेर इंटरव्ह्यूला गेले आणि कळलं की त्या इमारतीबाहेर ते टूल अस्तित्वातच नाही. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, मी वापरलंच नव्हतं. युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा तुकडा तपासणारी चाचणी) फक्त व्याख्येपुरती माहीत होती. डेटाबेसचा इंडेक्स कशाला असतो, हे विचारल्यावर आज तो मुलगा जसा गप्प झाला, अगदी तशीच मी गप्प झाले होते.

सहा ठिकाणी नापास झाले. सहा.

कोणी म्हणेल, टेक्नॉलॉजी काय, बदलतच असते. बदलते, मान्य. फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणारं तंत्र, शिकून लोकांनी अख्खी करिअर उभी केली आणि ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२०ला त्याचा सपोर्ट बंद केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने तशाच सिल्व्हरलाइटचा सपोर्ट बंद केला. वेब ॲप बनवायच्या अँग्युलरजेएसचंही तसंच झालं. पण ज्यांना फ्लॅशच्या आतली प्रोग्रामिंगची तत्त्वं समजली होती ते दुसरीकडे गेले आणि सहा महिन्यांत रुळले. कारण खाली वाहणारं पाणी तेच आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे माहिती टेबलांमध्ये मांडायच्या कल्पनेवरचा, पेपर लिहिला १९७०मध्ये, आणि आज मी त्या मुलाला विचारलेला प्रश्न त्याच कल्पनेवरचा होता. गिट २००५चं आहे, लिनक्स १९९१चं, कोबॉल ही प्रोग्रामिंगची भाषा तर १९५९ची, आणि कितीतरी बँकांचे व्यवहार अजून कोबॉलवर चालतात. ब्राउझर आणि सर्व्हर एचटीटीपीने कसे बोलतात, प्रोसेस मेमरी कशी खाते, दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकतात तो डेडलॉक का होतो, लॉग वाचून चूक कशी शोधायची, हे एकदा अंगात मुरलं की कुठल्याही कंपनीत बरोबर येतं. माझं अडीच वर्षांचं ज्ञान मात्र राजीनाम्याच्या दिवशी लॅपटॉपबरोबर परत गेलं.

आता मला माहीत आहे खाली कोण काय लिहिणार आहे. "तुम्हाला बोलायला काय जातं, घरावर कर्ज असलं की कळतं." बरोबर आहे. घरात कर्ज आहे, आजारपण आहे, धाकट्यांची फी भरायची आहे, तर जास्त पैसे घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. आणि हो, पहिल्या पगारावर पुढची वाढ ठरते, आणि मोठ्या नावामुळे इंटरव्ह्यूचा फोन येतो, हेही खरं. फोन येतो. पुढे काय होतं ते आज दुपारी बघितलं.

सपोर्टचं काम हलकं असतं असंही मी म्हणत नाहीये. माझ्या ओळखीतले काही उत्तम इंजिनिअर सपोर्टमधून आलेत. रात्री तीनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली खरी यंत्रणा, पडल्यावर जे शिकायला मिळतं ते वर्षभर नुसती फीचर्स बनवून मिळत नाही. पण त्यांना लॉग उघडे होते. कोड वाचायला मिळायचा. चूक सापडली की दुरुस्त करून पाठवता यायची, आणि कोणीतरी ती तपासून "हे का केलंस" असं विचारायचं. ज्या सपोर्टमध्ये "का" विचारायला बंदी आहे, तिथे माणूस रनबुकचाच एक भाग होतो, आणि एक दिवस ते रनबुक स्क्रिप्टमध्ये जातं. तो स्क्रिप्ट करू का म्हणाला तेव्हा त्याला नाही म्हणणाऱ्या मॅनेजरला हे कळत नसेल? चांगलं कळत असेल!

दुसरा राग आश्वासनांचा. "आधी जॉइन हो, तीन महिन्यांनी डेव्हलपमेंटला टाकतो." किती जणांना हे सांगितलं गेलं असेल आणि किती जण खरंच गेले? त्या मुलालाही सांगितलं होतं. सांगणारा मॅनेजर चार महिन्यांत दुसऱ्या खात्यात गेला, आणि नवा म्हणाला, मला काही माहीत नाही. छोट्या कंपन्याही काही साधू नाहीत. "पगार कमी आहे पण शेअर देतो" म्हणतात. पोरांना वाटतं शेअर मिळाले. मिळालेले असतात ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क, आणि तोसुद्धा बहुतेक ठिकाणी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने. पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर सहसा काहीच नाही. हे त्यांना जॉइन व्हायच्या आधी समजावून सांगणारं कोण आहे?

म्हणून म्हणते, दोन ऑफर हातात असतील तर होकार द्यायच्या आधी ज्याच्या हाताखाली काम करणार आहात त्याच्याशी वीस मिनिटं बोलायला मागा. एचआरशी नव्हे. त्याला विचारा, माझा कोड कोण वाचणार? पहिल्या महिन्यात माझ्या हाताने प्रॉडक्शनला काही जाईल का? शेवटचा नवा माणूस टीममध्ये कधी आला, आणि आज तो काय करतोय? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा, त्याच्या उत्तरात तुमचं पुढचं वर्ष दिसतं. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या जोएल स्पोल्स्कीने २०००मध्ये टीम पारखायला बारा प्रश्न लिहिले होते, त्यातला पहिलाच सोर्स कंट्रोल (गिटसारखं साधन) वापरता का असा होता. माझ्या पहिल्या कंपनीला मी ते विचारले असते तर निम्म्या प्रश्नांवर त्यांना नकारार्थी मान हलवावी लागली असती. मी विचारले नाहीत. मी आकडा बघितला.

कुणी म्हणतं, आता एआय कोड लिहून देतं, रिव्ह्यू पण करतं, मग सीनिअर कशाला हवा? २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून हे ऐकतेय. मीही रोज वापरते, कामाचं आहे, नाही म्हणत नाही. पण नवीन पोराला आता पाच मिनिटांत दोनशे ओळी मिळतात आणि त्यातल्या कुठल्या वीस ओळी उद्या अंगावर येणार आहेत हे त्याला कळत नाही. डेटाबेसमधला तो विचित्र कॉलम पाच वर्षांपूर्वी का घातला, कुठल्या ग्राहकासाठी, काढला तर काय मोडेल, हे शेजारी बसलेल्या माणसालाच माहीत असतं. लिहिणं सोपं झालं तेव्हापासून वाचणारा माणूस जास्तच लागतोय.

त्या बाईंबद्दल राहिलंच.

सहावा नकार आल्यावर मी त्यांना फोन केला. अडीच वर्षांनी. लाज वाटत होती, नंबर दोनदा लावून कट केला. त्यांना मी आठवत होते. त्या टाकून बोलल्या नाहीत, बघ मी सांगितलं होतं असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सध्या माझ्याकडे जागा नाही. पण तू काहीतरी लिहून पाठव, मी वाचते." मी शनिवार-रविवार बसून साधारण दोनशे ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. बुधवारी परत आला. एकतीस शेरे. पहिलाच शेरा होता, "या व्हेरिएबलचं नाव डेटा का? कसला डेटा?" मी तो वाचून रडले होते, आणि मग रात्री दीडपर्यंत बसून एकतीसच्या एकतीस दुरुस्त केले. त्यांनी पुन्हा वाचलं. दुसऱ्या खेपेला चौदा शेरे आले. मी त्यांची कोणी नव्हते. पगार त्यांना त्याचा मिळत नव्हता.

चार महिन्यांनी जागा निघाली. जुन्या पगारापेक्षा कमी पगारावर गेले. आज मला जे काही येतं त्याचं मूळ तिथे आहे. पण ती अडीच वर्षं परत आली नाहीत, आणि त्या एका मेलबद्दल मी त्यांची नीट माफी कधी मागितली नाही, हे आज लिहिताना जाणवतंय.

त्या मुलाला आमच्याकडे घेता येणार नव्हतं. या जागेला ज्याने स्वतः सॉफ्टवेअरचं डिझाइन केलंय असा माणूस हवाय, आणि तसं नसताना घेतलं असतं तर तीन महिन्यांत त्याचेच हाल झाले असते. तरीही नापासचा तो ठरावीक मेल गेला तेव्हा मला राहवेना. संध्याकाळी मी त्याला वेगळा मेल लिहिला. चुकलास का, याचं उत्तर दिलं: तुला दोन ऑफर दिसल्या आणि त्यातला फरक दाखवणारं कोणी भेटलं नाही. मग लिहिलं, तुझ्या कंपनीचं काहीही न वापरता, घरच्या मशीनवर एक छोटी सर्व्हिस उभी कर. ती पडली की ओळखणारी, का पडली ते लॉगमधून शोधणारी आणि मगच रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट लिही. मला पाठव. मी वाचेन.

आत्ता हे लिहीत असतानाच त्याचं उत्तर आलं. शनिवारी सकाळपर्यंत पाठवतो म्हणतोय, आणि पायथॉनमध्ये लिहिलं तर चालेल का असं विचारलंय.

चालेल. शनिवारी मला कोणी फोन करू नका.