मायसेल्फ, अमुक तमुक

ओळख करून देताना 'आय ॲम अमुक' म्हणू नका. एवढ्या मोठ्या माणसाला एका अक्षराचा 'आय' पुरणार कसा? खुशाल 'मायसेल्फ अमुक' म्हणा. मराठीत 'मी अमुक' हे क्रियापदावाचून चालते, मग इंग्रजीलाच काय धाड भरली आहे?

व्याकरणवाले आडवे येतील. म्हणतील, 'मायसेल्फ' हा आरसा आहे, त्याच्यासमोर आधी 'आय' उभा पाहिजे: 'आय हर्ट मायसेल्फ'. दुर्लक्ष करा. ईमेलच्या शेवटी 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' ठोकून द्या. आज्ञार्थी वाक्यात कर्ता 'यू' लपलेला असतो, त्यामुळे तिथे शोभते ते 'हेल्प युवरसेल्फ'. तुमच्या वाट्याला इंग्रजीतला साधा 'मी' (me) येतो. पण 'कॉन्टॅक्ट मी'मध्ये रुबाब कुठला?

'द मॅनेजर अँड मायसेल्फ विल अटेंड' हेही झकास. फक्त मॅनेजरला वाक्यातून हलू देऊ नका. तो गेला की 'मायसेल्फ विल अटेंड' एवढेच उरते आणि पितळ उघडे पडते.

इतकी उधळपट्टी परवडण्यासाठी कुठेतरी काटकसर हवीच. ती जिथे 'सेल्फ' खरोखर लागते तिथे करावी. 'एन्जॉय'ला कर्म हवे असते, म्हणून समारंभाहून आल्यावर 'आय एन्जॉइड मायसेल्फ' म्हणायचे. तुम्ही 'आय एन्जॉइड अ लॉट'वर भागवा. जाहिरातीत 'अव्हेल युवरसेल्फ ऑफ धिस ऑफर' लिहिण्यापेक्षा 'अव्हेल धिस ऑफर' छापा, तीन शब्दांत काम. (अशा जाहिराती इतक्या झाल्या आहेत, की आता बरोबर लिहिणाराच अडाणी वाटतो.) वाचलेली 'सेल्फ' मग 'आय फील मायसेल्फ टायर्ड', 'कॉन्सन्ट्रेट युवरसेल्फ' अशा ठिकाणी लावता येतात, जिथे त्यांना कुणी बोलावलेले नसते. छत्रीसुद्धा 'विथ मी' नेऊ नका, 'विथ मायसेल्फ' न्या.

रूपे पाठ करायची तर तर्काने करा. माय, अवर, युवर ही मालकीची रूपे. त्यांना शेपूट लावले की काम झाले. त्याच न्यायाने 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ज'! प्रमाण इंग्रजीने ऐनवेळी पलटी मारून 'हिम' आणि 'देम' घेतले, त्याला तुम्ही काय करणार? समोर एक माणूस असो की सभा, 'युवरसेल्फ'च वापरा. 'यू'मध्ये एक की अनेक हे कळत नाही, ते 'युवरसेल्व्ज'मध्ये कळते. पण इंग्रजीने क्वचित दाखवलेली ही सोय वापरायची कशाला?

राहता राहिला लग्नाचा वाढदिवस. शुभेच्छापत्रावर 'ईच अदर' न लिहिता 'दे लव्ह देमसेल्व्ज' लिहा. अर्थ होतो, दोघांचेही आपापल्यावर प्रेम आहे. काही जोडप्यांच्या बाबतीत हे वाक्य दुरुस्त करायची गरजच पडत नाही.